रूट ६६ वरची जुनी मोटेलं: कोण वाचवतं आणि कसं

न्यू मेक्सिको राज्यात टुकुमकॅरी नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्यावरचं, म्हणजे जुन्या रूट ६६ वरचं, ब्लू स्वालो हे बारा खोल्यांचं मोटेल १९३९ साली बांधलं गेलं, आणि ते अजून संध्याकाळी पाटी पेटवून गिऱ्हाइकाची वाट बघतं. पाटीवर निऑनचं निळं पाखरू आणि सोबत '१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर' ही अक्षरं. खोलीत थंड हवा असणं ही मिरवायची गोष्ट होती, तेव्हाची ही जाहिरात. आता तिचा फोटो काढायला लोक गाडी थांबवतात. त्याच रस्त्यावर थोडं पुढेमागे गेलं की खिडक्यांना प्लायवूड ठोकलेली, छप्पर बसलेली मोटेलंही दिसतात. रस्ता तोच, वय साधारण तेच, ऊनपाऊसही तोच.

एक का टिकलं आणि दुसरं का नाही, याला 'पैसा' हे उत्तर पटकन दिलं जातं. पैसा लागतोच. पण या रस्त्यावरच्या टिकलेल्या मोटेलांच्या कहाण्या वाचत गेलं की पैशाच्या आधी बहुतेक वेळा एक माणूस सापडतो. ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारा, रात्री अकराला घंटा वाजली तर उठून किल्ली देणारा मालक किंवा मालकीण. अनुदान, करसवलत, वारशाच्या यादीतलं नाव हे सगळं त्यांच्या मागून येतं. हे नीट कळायला आधी ही मोटेलं तिथे आली कशी आणि ओसाड का पडली, ते बघावं लागेल.

रस्ता आला, रस्ता गेला

रूट ६६ ला क्रमांक मिळाला ११ नोव्हेंबर १९२६ रोजी. शिकागोहून निघून आठ राज्यं ओलांडत कॅलिफोर्नियापर्यंत जाणारा, सुमारे ३,९०० किलोमीटरचा रस्ता. सगळा पक्का व्हायला १९३८ उजाडलं. सुरुवातीला लोक रस्त्याकडेला तंबू ठोकून झोपत. मग गावांनी तंबूंसाठी जागा नेमून दिल्या, मग कोणीतरी तिथे लाकडी खोपटी उभी केली, मग खोपट्यांना खाट आणि नळ आला. पुढे सुट्या खोपट्या एका छपराखाली जोडल्या गेल्या आणि इंग्रजी 'एल' किंवा 'यू' आकाराची बैठी चाळ तयार झाली. मधे अंगण, प्रत्येक खोलीच्या दारात गाडी. शहरातल्या हॉटेलात शिरायचं तर कपडे नीटनेटके हवेत, लॉबीतून चारचौघांसमोरून जायचं, हमालाला पैसे द्यायचे. इथे धुळीने माखलेल्या कुटुंबाने सरळ दाराशी गाडी लावावी आणि आत जाऊन आडवं व्हावं.

ही सोय सगळ्यांनाच पसंत नव्हती. १९४० साली एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी एका मासिकात लेख लिहून ही ठिकाणं गुन्हेगारांचे अड्डे आहेत असा ओरडा केला. धंद्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. महायुद्ध संपलं, पेट्रोलचं रेशनिंग उठलं, आणि १९५० च्या दशकात एकट्या अल्बकर्की शहरात या रस्त्यावरची मोटेलं शंभराच्या घरात पोचली.

मग १९५६ चा कायदा आला आणि इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारे नवे महामार्ग बांधायला सुरुवात झाली. या महामार्गांवर वाटेल तिथे वळता येत नाही; ठरलेल्या ठिकाणीच बाहेर पडता येतं. मोटेलचा सगळा जीव मात्र चालत्या गाडीतून पाटी दिसण्यात आणि ब्रेक दाबण्यात होता. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे सुरू झाल्यावर जुन्या हायवेवरच्या खानावळींचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना अधिक सांगायला नको. नव्या महामार्गाच्या तोंडाशी साखळी हॉटेलं आली. हॉलिडे इनचं पहिलं हॉटेल १९५२ साली मेम्फिसमध्ये निघालं होतं. कुठेही जा, खोली तशीच मिळेल हा त्यांचा वायदा होता, आणि दमलेल्या माणसाला तो पटला. ॲरिझोनातलं सेलिगमन १९७८ मध्ये बाजूला पडलं. विल्यम्स हे शेवटचं गाव १९८४ च्या ऑक्टोबरात. २७ जून १९८५ ला रूट ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला.

यानंतर जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात गमतीचं वाटतं. धंदा बुडाल्यामुळेच पुष्कळ मोटेलं जशीच्या तशी राहिली. हातात पैसा असलेला मालक दर दहा वर्षांनी फरशा बदलतो, खिडक्या मोठ्या करतो, पाटी काढून प्लॅस्टिकचा फलक लावतो. रूट ६६ वरच्या मालकाकडे तो पैसाच नव्हता. त्यामुळे बाथरूममधल्या १९४० च्या गुलाबी-काळ्या टाइल्स, लोखंडी चौकटींच्या खिडक्या, दोन खोल्यांच्या मधली गॅरेजं तशीच उरली. आज जो 'अस्सल जुना बाज' म्हणून लोक पैसे मोजतात, तो चाळीस वर्षांच्या ओढगस्तीने सांभाळलेला आहे. अर्थात ओढगस्ती एका मर्यादेपर्यंतच सांभाळते. छप्पर गळायला लागलं की तीच इमारत खाते.

पटेलांचं प्रकरण

या मधल्या वाईट काळात मोटेलं विकत कोणी घेतली? मोठ्या प्रमाणावर गुजरात्यांनी. सुरत, नवसारी, भरूचकडची कुटुंबं, काही थेट भारतातून आलेली, काही पूर्व आफ्रिकेतून. १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतर कायदा सैल झाला, १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून भारतीयांना हाकललं, १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला आणि लांबच्या प्रवासाला निघणारे कमी झाले. म्हणजे घेणारे आले आणि विकणारे हवालदिल झाले, असा योग एकाच दशकात जुळला. सगळ्यात आधीचं नाव कांजीभाई देसाई यांचं घेतलं जातं. त्यांनी १९४० च्या दशकातच कॅलिफोर्नियात हॉटेल चालवायला घेतलं होतं.

बुडीत मोटेल पटेलांना कसं परवडलं, याचं गणित सरळ आहे. मोटेल घेतलं की राहायला घर मिळतं, म्हणजे भाडं वाचलं. नवरा नळ-वायरिंग बघतो, बायको खोल्या आवरते, मुलं शाळेतून आली की टॉवेलांच्या घड्या घालतात, म्हणजे पगार वाचला. पहिल्या हप्त्याचे पैसे नातेवाइकांकडून, कागदाशिवाय, शब्दावर. रात्रीला दहा खोल्या भाड्याने गेल्या तरी घर चालतं. ज्या उत्पन्नात नोकर ठेवून धंदा करणारा बुडाला असता, त्यात हे तगले. शेजारच्या मोटेलांनी 'अमेरिकन मालकीचं' असे फलक लावून त्यांची गिऱ्हाइकं तोडायचा प्रयत्न केला, तोही त्यांनी पचवला. बँका आणि विमा कंपन्या दारात उभं करत नसत म्हणून भारतीय मालकांनी संघटना बांधल्या, आणि १९८९ साली आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची आजची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे आज अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत.

रूट ६६ ची पोस्टकार्डं आणि चकचकीत फोटोंची पुस्तकं चाळली तर ही माणसं क्वचित दिसतात. चमकदार गाड्या, मिल्कशेक, निऑन असं सगळं असतं. पण मधली तीसेक वर्षं दिवे चालू ठेवले कोणी, हा प्रश्न विचारला की उत्तरात गुजराती आडनावं येतात. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो-रिआल्टोच्या हद्दीवर शंकूच्या आकाराच्या काँक्रीटच्या तंबूंचं विग्वाम मोटेल आहे. ते अगदी रया गेलेल्या अवस्थेत २००३ साली एका पटेल कुटुंबाने घेतलं आणि झाडून-पुसून, रंगवून उभं केलं. दोन वर्षांत त्याला रूट ६६ च्या संवर्धनाचा पुरस्कार मिळाला.

कोणत्या सालात परत न्यायचं?

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे येऊ. पहिला प्रश्न हातोडी उचलायच्या आधीचा असतो. मोटेल १९३९ मध्ये बांधलं, १९५५ मध्ये मागे चार खोल्या वाढवल्या, १९६० मध्ये नवी पाटी आली, १९७५ मध्ये सपाट गच्चीवर उतरतं छप्पर चढवलं. 'मूळ रूप' यातलं कुठलं?

अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने यासाठी नियमावली केली आहे आणि करसवलत हवी असेल तर ती पाळावी लागते. तिचं सार असं: जुनं दुरुस्त होत असेल तर बदलू नका; बदलावंच लागलं तर रंग, पोत, घाट मूळासारखा ठेवा; नंतरच्या काळात झालेले बदल स्वतःच जुने आणि महत्त्वाचे झाले असतील तर तेही काढू नका; आणि पुराव्याशिवाय कल्पनेने काही 'जुनं' बनवू नका. हा शेवटचा नियम मला सर्वात मोलाचा वाटतो. कारण हौशी मालकाचा पहिला मोह तोच असतो: भिंतीवर जुन्या गाडीचं चित्र, दारात पेट्रोलचा पंप, सगळीकडे '६६'. १९४८ साली त्या मोटेलात यातलं काहीही नव्हतं.

मिसूरीतल्या कार्थेज गावचं बूट्स कोर्ट हे याचं चांगलं उदाहरण. आर्थर बूट्स यांनी ते १९३९ मध्ये सुरू केलं. गोलवलेले कोपरे, आडव्या रेषा, सपाट गच्ची, कडेने हिरवं निऑन. मरीन ड्राइव्हच्या इमारती ज्या आर्ट डेको वाऱ्यातून आल्या, त्याच वाऱ्याचा हा मिसूरीतला झोत. हॉलिवूडचा नट क्लार्क गेबल इथे मुक्कामाला होता, ही गोष्ट अजून प्रत्येकाला सांगितली जाते. पुढे कोणीतरी गळती थांबवायला गच्चीवर उतरतं छप्पर बसवलं आणि इमारतीचा सगळा घाट गेला. २०११ मध्ये दोन बहिणींनी मोटेल विकत घेतलं आणि ते छप्पर काढून टाकलं. खोल्यांमध्ये टीव्हीऐवजी रेडिओ ठेवला, कारण जुनी जाहिरात 'प्रत्येक खोलीत रेडिओ' अशी होती. छप्पर काढणं म्हणजे एक थर पुसणं. पण तो थर नुसती मलमपट्टी होती आणि खालचं रूप फोटोंमधून स्पष्ट दिसत होतं, म्हणून निर्णय सोपा गेला. ब्लू स्वालोत उलट आहे. त्याची आजची प्रसिद्ध पाटी इमारतीपेक्षा वीसेक वर्षांनी धाकटी, पण तिला हात लावायचं कोणाच्या मनातही येणार नाही.

आधी पाणी, मग रंग

कामाचा क्रम ठरलेला आहे आणि नवशिके मालक तो चुकवतात. आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा. मग जमिनीखालचे नळ. मग वीज. खोल्यांची सजावट अगदी शेवटी. गिऱ्हाइकाला दिसते फक्त सजावट, त्यामुळे पैसे आधी तिथे घालायचा मोह होतो.

जुन्या मोटेलांचे पाण्याचे नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. ते आतून गंजत जातात. बाहेरून ठीक दिसणारा नळ कापला तर मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली असते. एका खोलीत शॉवर सुरू केला की शेजारच्या खोलीतली धार बारीक होते, ती यामुळे. सगळ्या खोल्यांचे नळ एकाच रांगेत काँक्रीटच्या फरशीखालून गेलेले असतात, म्हणजे फरशी फोडल्याशिवाय सुटका नाही. वीज १९४० च्या हिशोबाची: एक दिवा, एक रेडिओ. आज त्याच खोलीत एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, केस वाळवायचं यंत्र आणि चार फोनचे चार्जर. जुन्या रंगात शिसं आणि फरशीत ॲस्बेस्टॉस निघण्याची शक्यता असते. ते खरवडायचं तर परवानाधारक माणसं लागतात आणि खर्चाचा अंदाज तिथेच कोलमडतो.

न्यू मेक्सिकोत आणखी एक भानगड आहे. तिथल्या काही मोटेलांच्या भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, म्हणजे अडोबीच्या आहेत. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते, तिला तशी मोकळीक लागते. कोणी तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, आणि बाहेरून टणक दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. तिथे सिमेंट उतरवून मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करावा लागतो, आणि त्याची देखभाल दर काही वर्षांनी आलीच.

पाटी आधी का पेटवतात

एवढा क्रम सांगितल्यावर अपवादही सांगितला पाहिजे. छप्पर अजून अर्धवट असतानाही बरेच मालक पाटी आधी दुरुस्त करतात, आणि ते शहाणपणाचं असतं. पाटी पेटली की गावात बातमी होते, फोटो फिरतात, गिऱ्हाईक येतं, आणि त्या पैशातून छपराचं काम पुढे सरकतं. मिसूरीतल्या लेबनन गावच्या मंगर मॉस मोटेलची पाटी २०१० मध्ये सरकारी अनुदानाच्या मदतीने पुन्हा पेटली.

निऑनची नळी कशी बनते ते बघण्यासारखं आहे. कारागीर आधी अक्षराचं खऱ्या मापाचं चित्र कागदावर काढतो, तेही उलटं, कारण नळीची वळणं मागच्या बाजूने घ्यायची असतात. काचेची सरळ नळी ज्योतीवर धरून फिरवत राहायचं. ठरलेल्या बोटभर जागेत काच लिबलिबीत झाली की ज्योतीतून बाहेर काढून कागदावरच्या रेषेवर वाकवायची. हाताशी चारदोन सेकंद असतात. वळणावर नळी चेपू नये म्हणून तिच्या टोकाला लावलेली रबरी नळी तोंडात धरून तो त्याच क्षणी हलकी फुंकर मारतो. फुंकर कमी पडली तर नळी बसते, जास्त झाली तर फुगते. अक्षर तयार झालं की दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडायचे, हवा ओढून काढायची, जबर विद्युतदाब देऊन नळी तापवायची म्हणजे आतली घाण जळून निघते, आणि मग अगदी थोडा वायू भरून तोंड बंद करायचं. निऑन वायू लाल-नारिंगी उजेड देतो. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि पाऱ्याचा एक थेंब. बाकीचे रंग काचेच्या रंगातून किंवा आतल्या लेपातून येतात. हे सगळं चालवायला ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्टचा दाब पुरवतो.

नीट बनवलेली नळी कित्येक दशकं चालते. बिघाड बहुधा वायरी, ट्रान्सफॉर्मर आणि गंजलेला पत्रा यांच्यात असतो. एलईडीची नक्कल स्वस्त पडते आणि लांबून फसवतेही. पण जवळ गेलात की फरक कळतो: निऑनची नळी सगळ्या बाजूंनी सारखी उजळते आणि मागच्या पत्र्यावर तिची आभा पडते, एलईडीत तो उजेड पुढे ढकलल्यासारखा वाटतो. हे काम हाताने करणारे आता थोडेच उरलेत, त्यामुळे रांग लावावी लागते.

पैशाचं खरं गणित

अमेरिकेत ऐतिहासिक ठिकाणांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. साधारण पन्नास वर्षांहून जुनी, महत्त्वाची वास्तू तिच्यात जाऊ शकते. ब्लू स्वालोचं नाव १९९३ पासून आहे. पुष्कळांचा समज असा की एकदा नाव लागलं की इमारत पाडता येत नाही. तसं अजिबात नाही. सेंट लुईसजवळचं कोरल कोर्ट मोटेल पिवळ्या चकचकीत टाइल्सचं, काचेच्या विटांचं, गोल कोपऱ्यांचं होतं. १९८९ मध्ये ते नोंदवहीत गेलं आणि १९९५ मध्ये बुलडोझर लावून पाडलं. एक खोली तेवढी सुटी करून वाहतूक संग्रहालयात ठेवली आहे. केंद्राची नोंद खाजगी मालकाचे हात बांधत नाही. हात बांधायचे असतील तर शहराचा स्थानिक वारसा-नियम लागतो.

मग नोंदवहीचा उपयोग काय? करसवलतीचा दरवाजा तिच्यातून उघडतो. नोंद झालेली, उत्पन्न देणारी इमारत नियमांप्रमाणे दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय आयकरातून वजा होते, पाच वर्षांत विभागून. समजा, तीन लाख डॉलर पात्र खर्च झाला; साठ हजार वाचले, म्हणजे वर्षाला बारा हजार. ऐकायला छान. मेख पुढे आहे. साधारण दोन वर्षांच्या आत इमारतीच्या हिशोबी किमतीपेक्षा (घसारा वगैरे वजा जाऊन वहीत उरलेल्या किमतीपेक्षा) जास्त खर्च करावा लागतो. आधीच टप्पे आखून दिले तर पाच वर्षं मिळतात. फर्निचर, पार्किंग, बागबगीचा यात धरत नाहीत. मालकाने स्वतः उपसलेल्या कष्टांची किंमतही नाही. म्हणजे वर्षाला दोन खोल्या स्वतःच्या हाताने नीट करणारं जोडपं, जे मोटेल वाचवण्याचं सर्वात खात्रीचं साधन आहे, तेच या सवलतीत बसत नाही. ही सवलत वकील आणि हिशोबनीस पदरी असलेल्या मोठ्या प्रकल्पांच्या सोयीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मालकांना खरा हातभार लागला तो राष्ट्रीय उद्यान सेवेच्या रूट ६६ कार्यक्रमाचा. १९९९ च्या कायद्याने तो आला. जेवढे तुम्ही घालाल तेवढे आम्ही, अशी छोटी अनुदानं तो द्यायचा. २०१९ मध्ये तो संपला. त्यानंतर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टसारख्या खाजगी संस्थांची छोटी अनुदानं आहेत, आणि २०२६ च्या शताब्दीमुळे लक्षही वेधलं गेलं.

अनुदान आलं तरी रोजचा गाडा ओढायचा असतोच. नमुना म्हणून हिशोब मांडू. बारा खोल्या, वर्षाला ४,३८० खोली-रात्री. निम्म्याहून थोड्या जास्त, समजा ५५ टक्के विकल्या, दर ११० डॉलर. हाती येतात दोन लाख पासष्ट हजारांच्या आसपास. यातून बुकिंगच्या संकेतस्थळांचं कमिशन, विमा, मालमत्ता कर, वीज, धुलाई, कर्जाचा हप्ता. एक पूर्ण वेळचा आणि एक अर्धवेळ माणूस ठेवला की मालकाच्या हाती फार उरत नाही. गटाराची मुख्य नळी त्याच वर्षी फुटली तर काहीच नाही. खोल्या वाढवता येत नाहीत, कारण अंगणात नवी इमारत घातली की ज्यासाठी लोक येतात तेच जातं. म्हणून मालक तिथेच राहतो. चाळीसच्या दशकातही तो यासाठीच तिथे राहत होता.

ब्लू स्वालोच्या लिलियन रेडमन यांना ते मोटेल १९५८ मध्ये लग्न ठरल्याची भेट म्हणून मिळालं आणि १९९८ पर्यंत त्यांनी ते चालवलं. पैसे नसलेल्या प्रवाशाकडून त्या एखादी वस्तू ठेवून घेत किंवा तशीच खोली देत. धंद्याच्या पुस्तकात हे बसत नाही, पण टुकुमकॅरीच्या बाहेरून इंटरस्टेट गेल्यावरही लोक त्यांच्याकडे वळत राहिले. त्यांच्यानंतर मालक अनेकदा बदलले आणि प्रत्येकाने तिथे राहूनच ते चालवलं.

जे पाटीवर दिसत नाही

रूट ६६ ची आठवण गोड करून सांगितली जाते, तेव्हा काही गोष्टी गाळल्या जातात. कृष्णवर्णीय कुटुंबांना यातली बहुतेक मोटेलं बंद होती. कुठे झोपायला मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल याची यादी व्हिक्टर ग्रीन नावाचे न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी १९३६ पासून 'ग्रीन बुक' म्हणून छापत. वाटेतल्या कित्येक गावांत कृष्णवर्णीयांनी सूर्यास्तानंतर थांबायचं नाही असा दंडक होता. त्यांना जागा देणारी जी थोडी हॉटेलं होती, मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डचं आल्बर्टाज हॉटेल त्यातलं एक, त्यातली बरीच आज उभीच नाहीत. त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्नच संपला.

दुसरी गोष्ट मूळनिवासींच्या प्रतिमांची. ॲरिझोनातल्या होलब्रुकला चेस्टर लुइस यांनी १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विग्वाम मोटेलसारखेच, मोटेलच्या खोल्या म्हणून, पंधरा काँक्रीटचे तंबू उभे केले. आराखड्याचा मोबदला म्हणून खोल्यांतल्या रेडिओत पडणारी नाणी मूळ रचनाकार फ्रँक रेडफर्डना जायची. एका नाण्यात अर्धा तास रेडिओ. तंबू पाहायला मजेदार आहेत, पण तसे तंबू मैदानी प्रदेशातल्या जमातींचे, ॲरिझोनातल्या नाव्हाहो किंवा होपींचे नव्हेत. दुरुस्ती करताना हे पुसायचं की सांगायचं? मला वाटतं, तंबू ठेवावेत आणि खरी माहिती स्वागतकक्षात ठळक लावावी.

तिसरी गोष्ट जास्त अवघड. ओसाड काळात ही मोटेलं आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या गरिबांची घरं झाली. मोटेल 'वाचवलं' की ते बाहेर पडतात. अल्बकर्कीत याची वेगवेगळी उत्तरं दिसतात. १९३७ चं एल वाडो मोटेल २००५ मध्ये बंद पडलं आणि पाडलं जाणार होतं. शहराने मधे पडून ते ताब्यात घेतलं आणि २०१८ मध्ये ते खोल्या, छोटी खाद्यगृहं आणि खुला रंगमंच अशा रूपात परत उघडलं. डी आन्झा मोटेलची इमारत बहुतांशी गेली, पण तळघरातली झुनी या मूळनिवासी जमातीच्या चित्रकाराने काढलेली भित्तिचित्रं राखली आणि जागेवर निवासी खोल्या आल्या. लूना लॉज हे मोटेल कमी उत्पन्नवाल्यांची घरं झालं. पर्यटकाला यातलं एल वाडो आवडेल. शहराच्या दृष्टीने लूना लॉजही तेवढंच यशस्वी आहे, फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही.

शिकागो, सेंट लुईस, लॉस एंजेलिसकडची आपली मंडळी शताब्दीच्या निमित्ताने या रस्त्यावर निघणार असतील तर थोडं व्यवहाराचं. खोली संकेतस्थळावर बघा, पण बुकिंग थेट मोटेलला फोन करून करा. कमिशन वाचतं आणि खोली निवडता येते. काही मोटेलं हिवाळ्यात बंद असतात. रात्री उशिरा पोचणार असाल तर आधी कळवा, कारण किल्ली देणारा माणूस तोच सकाळी चादरी बदलणार असतो. खोल्या लहान असतात, न्हाणीघरं त्याहून लहान. चौघांचं सामान गाडीतच राहू द्या. आणि जुना रस्ता बऱ्याच ठिकाणी रेल्वेमार्गाला चिकटून जातो. होलब्रुकच्या तंबूंपासून रूळ अगदी जवळ आहेत, मालगाड्या लांबलचक असतात आणि रात्रीही जातात, तेव्हा झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे सोबत ठेवा.